गॅस संपत नाही

मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला की गावोगावच्या एसी गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. काच खाली होते, मान बाहेर येते आणि ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "दादा, गॅस संपलाय वाटतं. जरा भरून द्या." दादाही वाद घालत नाही. निळी-लाल नळी जोडतो, डबा उलटा धरतो, दहा मिनिटांत थंड वारा सुरू. पुढच्या मार्चमध्ये तीच गाडी, तीच रांग, तेच वाक्य.

गाडीच्या एसीबद्दलची आपली बहुतेक चुकीची समजूत त्या 'संपलाय' या एका शब्दात मावते. पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. काच धुवायचं पाणी संपतं, कारण आपण ते उडवतो. एसीतला गॅस जळत नाही, उडत नाही, झिजत नाही. तो एका बंद नळीत गोल गोल फिरतो. वायू होतो, द्रव होतो, पुन्हा वायू होतो. कारखान्यात भरलेला गॅस दहा वर्षांनीही तोच असायला हवा. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, सीलमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतो, हे खरं. त्यामुळे पाच-सहा वर्षांनी थंडावा थोडा उतरला तर समजू शकतं. पण दर उन्हाळ्यात गॅस 'संपत' असेल, तर कुठेतरी भोक आहे आणि गॅस भरल्यावरही ते तिथेच राहिलेलं असतं.

या गॅसबरोबर आणखी एक गोष्ट फिरते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तेल. छोट्या गाडीच्या एसीत सगळं मिळून शंभर-सव्वाशे मिलिलिटर तेल असतं, म्हणजे चहाचा एक कप. इंजिनाला जशी तेलाची वेगळी टाकी असते तशी कॉम्प्रेसरला बहुधा नसते. तेल गॅसमध्ये मिसळून सगळ्या नळ्यांमधून फेरी मारतं आणि परतताना कॉम्प्रेसरला वंगण देतं. गॅस कमी झाला की तेल परत आणायला कुणी उरत नाही. ते डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलच्या तळाशी पडून राहतं. कॉम्प्रेसर कोरडा घासायला लागतो. मग धातूचा बारीक चुरा सुटतो आणि तो पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे गरम गॅस निवून जिथे द्रव होतो त्या जाळीत, जाऊन बसतो. हल्लीच्या कंडेन्सरमधल्या वाटा इतक्या अरुंद असतात की तिथला चुरा धुऊन निघत नाही, कंडेन्सरच बदलावा लागतो. गॅसला बारीक छिद्रातून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह जातो, ओल शोषणारा ड्रायर जातो. सुरुवात झालेली असते ती करंगळीच्या नखाएवढ्या ओ-रिंगपासून, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीपासून.

आता सवयींकडे. एसी वापरून खराब होतो, तसा न वापरूनही खराब होतो. नोव्हेंबरात हवा गार झाली की बटण बंद होतं, ते थेट होळीला उघडतं. या चार महिन्यांत कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचं सील तेलाविना पडून राहतं. ते ओलसर असेल तरच घट्ट बसतं. वाळलं की आकसतं आणि गॅसला वाट मिळते. 'अ‍ॅव्हरेज वाचवायचं' म्हणून थंडीत एसी बंद ठेवणारा माणूस पेट्रोलवर जे वाचवतो, ते मार्चच्या रांगेत परत करतो. उपाय फुकटचा आहे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा. दहा मिनिटांत तेलाची फेरी पूर्ण होते आणि सील भिजतं. बाहेर फारच गारठा असेल, महाबळेश्वरात जानेवारीची पहाट असेल, तर काही गाड्यांत कॉम्प्रेसर मुळात सुरूच होत नाही, कारण यंत्रणाच त्याला अडवते. अशा वेळी दुपार होईपर्यंत थांबावं.

गॅस किती आहे हे कसं कळतं? इथे एक दृश्य ओळखीचं वाटेल. नळीवरच्या व्हॉल्व्हचं टोपण काढायचं, आतली पिन स्क्रू-ड्रायव्हरने दाबायची, फुस्स आवाज आला की म्हणायचं, "आहे, आहे, थोडा कमी आहे." या फुस्सने काहीही सिद्ध होत नाही. बंद गाडीत, तीस अंशांच्या हवेत, आर-१३४ए या गॅसचा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय असतो. आत पाचशे ग्रॅम असो की दीडशे, द्रवाचा थोडाही अंश शिल्लक असेपर्यंत काटा तिथेच थांबतो. घरातल्या सिलिंडरचं तसंच असतं. अर्धा झाला तरी शेगडीची ज्योत तेवढीच मोठी दिसते. किती उरलाय ते सिलिंडर हलवून, उचलून, वजनानेच कळतं. गाडीचा गॅसही वजनानेच मोजायचा असतो, आणि तो आकडा बॉनेटखाली एका चिकटपट्टीवर छापलेला असतो. छोट्या हॅचबॅकला साधारण साडेतीनशे ते साडेपाचशे ग्रॅम लागतो. मागच्या सीटसाठी वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाडीला त्याहून बराच जास्त. बाजारात मिळणारा साडेचारशे ग्रॅमचा डबा 'एक डबा एक गाडी' या हिशेबाने रिकामा करणं म्हणजे अंगाला येतोय की नाही हे न बघता सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट चढवणं.

आणि जास्त भरलेला गॅस कमी गॅसइतकाच वाईट, कधी कधी त्याहून वाईट. कंडेन्सरमध्ये गॅसला द्रव व्हायला जागा लागते. ती जागाच भरून गेली की दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो, थंडावा उलट कमी होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, अजून थोडा मारा.

नीट काम कसं होतं तेही सांगतो, म्हणजे गॅरेजमध्ये उभं असताना कळेल की काय चाललंय. आधी उरलेला गॅस मशीनमध्ये ओढून घेतात, हवेत सोडत नाहीत. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर जुन्या आर-१२च्या जागी तो आला तो त्यासाठीच. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १४०० पट हवा तापवतो. एका गाडीतला चारशे ग्रॅम गॅस सोडून देणं म्हणजे साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळणं. गॅस काढून घेतल्यावर गळती शोधतात. सांध्याजवळ धूळ चिकटलेला तेलकट डाग हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार, कारण गॅस जाताना तेलाचा थेंब सोडून जातो. नाहीतर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतात, किंवा रंगीत द्रव्य घालून जांभळ्या दिव्याने बघतात. दुरुस्ती झाली की 'व्हॅक्यूम मारतात', आणि घाई होते ती इथेच. व्हॅक्यूम फक्त हवा काढण्यासाठी नसतो, नळ्यांतली ओल काढण्यासाठी असतो. दाब पुरेसा खाली गेला की पाणी तीस अंशांवरसुद्धा उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. त्याला वेळ लागतो: किमान अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण ते एक तास. पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलत नाही ना, हे बघतात. मग वजनकाट्यावर ठेवून गॅस.

ओल राहिली तर काय होतं? एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. तिथे तापमान शून्याखाली गेलं की पाण्याचा कण गोठतो आणि वाट बंद. लक्षण अगदी ठराविक: वीस मिनिटं झकास थंड, मग वारा कोमट, चहाला थांबलात की बर्फ वितळतो आणि पुन्हा झकास. शिवाय पाणी, गॅस आणि तेल एकत्र नांदले की आम्ल तयार होतं आणि ते आतून अ‍ॅल्युमिनियम खातं. म्हणूनच यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचा असतो. त्यातले ओल शोषणारे दाणे उघड्या हवेत लगेच पाणी पितात.

स्वस्त गॅसबद्दल एकच वाक्य. काही डब्यांमध्ये एलपीजीच्या जातीचा ज्वलनशील वायू असतो. थंडही होतं, पण डॅशबोर्डच्या आत गळणारा स्वयंपाकाचा गॅस कुणाला हवाय?

थंडावा कमी का झाला हे कळायला नेहमी नळ्या जोडाव्या लागत नाहीत. हायवेवर उत्तम आणि सिग्नलला कोमट, असं असेल तर आधी कंडेन्सरकडे बघा. रेडिएटरच्या पुढे बसलेली ही जाळी धूळ, माशा, पिसं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची जागा. गाडी पळते तेव्हा वारा मिळतो, थांबली की सगळा भार पंख्यावर. पंखा फिरतो का, दोन्ही वेगांवर फिरतो का, हे एसी लावून बॉनेट उघडून डोळ्यांनी दिसतं. पंख्याला हात लावू नका, तो न सांगता सुरू होतो. जाळी धुताना साध्या नळाच्या पाण्याने, जमल्यास आतून बाहेरच्या दिशेने. सर्व्हिस स्टेशनची प्रेशर गन जवळ धरली की पंखांसारखे नाजूक पत्रे वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत गॅसला साठ-पासष्ट अंशांवर द्रव व्हावं लागतं आणि गॅरेजच्या मीटरवरचा, जास्त दाबाच्या बाजूचा लाल काटा २३० ते २६० पीएसआयवर जातो. तो तिथे नैसर्गिक आहे. हाच आकडा पुण्यात जानेवारीत दिसला तर काहीतरी तुंबलंय किंवा गॅस जास्त भरलाय.

वारा एक, दोन, तीनवर मेला आणि फक्त चारवर येतो? ब्लोअरचा, म्हणजे आतल्या पंख्याचा, वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेला. छोटासा तुकडा, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. मोटर ठीक असते, कारण चारवर वीज थेट जाते. वारा चारवरही दमलेला येत असेल तर केबिन फिल्टर काढून उजेडात धरा. उजेड दिसला नाही तर बदला. दहा ते पंधरा हजार किलोमीटर किंवा वर्ष, धुळीच्या रस्त्यांवर त्याच्या निम्म्यात. फिल्टरवर वाऱ्याच्या दिशेचा बाण असतो तो पाळायचा. काही जुन्या गाड्यांत फिल्टरची जागा आहे पण आत फिल्टरच नाही, असंही निघतं. मग कूलिंग कॉइलच फिल्टरचं काम करते आणि पुढे वास येतो.

तो वास. ओल्या मोज्यांचा, व्हिनेगरसारखा. कॉइलवर पाणी जमतं, त्यावर धूळ बसते, अंधार असतोच, बुरशीला आणखी काय लागतं? डॅशबोर्डवर ठेवलेली सुगंधी बाटली हा वास झाकत नाही, त्यात मिसळते. इथे एका जुन्या सवयीचा खरा अर्थ लावायला हवा. 'इंजिन बंद करण्याआधी एसी बंद करा, नाहीतर कॉम्प्रेसर जातो' असं वडीलधारे सांगतात. कारण बरोबर नाही. आजच्या गाड्यांत स्टार्टर फिरताना कॉम्प्रेसर जोडलेलाच नसतो, इंजिन सुरू झाल्यावर यंत्रणा त्याला आत घेते. पण सवय चांगली आहे. घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसी बंद, बाहेरची हवा घेत ब्लोअर चालू. कॉइल वाळते आणि वासाचं मूळच राहत नाही. बरोबर सल्ला चुकीच्या कारणासह पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, याचं हे एक गोड उदाहरण.

गोड वास मात्र वेगळा. आतून काचेवर तेलकट थर आणि गोडसर वास, म्हणजे हीटरच्या कोअरमधून, केबिन गरम करणाऱ्या जाळीतून, इंजिन थंड ठेवणारं कुलंट गळतंय. तिथे कॉइल साफ करायचा फोम मारून उपयोग नाही.

गाडीखाली पडणाऱ्या पाण्याने घाबरून जाणारे बरेच असतात. आपल्याकडच्या गाड्यांत ते बहुधा डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या खाली पडतं, आणि पडायलाच हवं. एसी हवा गार करतो तितकीच ती वाळवतो. मुंबईच्या जूनमध्ये एक घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम पाणी असतं. कॉइलवरून आठ अंशांवर गेलेल्या हवेत आठ ग्रॅमच मावतं. बाकीचं नळीतून खाली. बाहेरची हवा घेत चालवलात तर तासाला लिटरभराहून जास्त सहज. कोकणात एसी 'नीट थंड करत नाही' असं वाटतं तेव्हा त्याची बरीचशी ताकद हे पाणी काढण्यात गेलेली असते. उलट चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात फारसं पाणी पडत नाही, आणि एसी अगदी ठणठणीत असतो. काळजी कधी करायची? दमट हवेत खाली काही पडत नाही आणि डाव्या सीटपुढचा गालिचा ओला लागतो तेव्हा. पाणी जाण्याची रबरी नळी चिखलाने किंवा पाचोळ्याने तुंबलेली असते. मऊ तारेने, हळू, खालून मोकळी करतात. जोर केला तर वरची कॉइल फुटते.

उन्हात उभी केलेली गाडी. आतली हवा साठ अंशांकडे, डॅशबोर्ड त्याहून वर. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून विष निघतं, म्हणून आधी काचा उघडा, असा निरोप दर उन्हाळ्यात फिरतो. काचा उघडण्याचं खरं कारण त्याहून साधं आहे. साठ अंशांची हवा थंड करण्यापेक्षा ती बाहेर घालवून चाळीस अंशांची हवा थंड करणं कधीही सोपं. एका बाजूची काच खाली घ्या, दुसऱ्या बाजूचं दार चार-पाच वेळा उघडा-मिटा, धक्क्याने गरम हवा निघते. मग काचा उघड्या ठेवून गाडी चालवायला लागा, एसी पूर्ण, मिनिट-दोन मिनिटांनी काचा वर आणि आतलीच हवा फिरवणारं बटण चालू. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून थंड होण्याची वाट बघणारे चुकतात, कारण जागच्या जागी कॉम्प्रेसर संथ फिरतो आणि कंडेन्सरला वाराही मिळत नाही. चालत्या गाडीत तेच काम लवकर होतं. आतल्या हवेचं बटण मात्र नागपूर ते मुंबई तसंच दाबून ठेवू नका. चार माणसांच्या श्वासाने केबिन जड होते, चालकाला पेंग येते. अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा.

उभ्या गाडीत काचा लावून, एसी लावून झोपणं हा विषयच वेगळा. सायलेन्सर किंवा त्याचा जोड कुठे गळत असेल, गाडी गॅरेजमध्ये किंवा भिंतीला खेटून असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

घाट चढताना दोन गोष्टी. कसारा किंवा खंबाटकीत भरलेली गाडी, सीएनजीवर, एसी पूर्ण. कॉम्प्रेसरला तीन-चार हॉर्सपॉवर लागते; साठ-सत्तरच्या इंजिनाला ती जाणवते, सीएनजीवर आणखीच. पिकअप मेला तर चढावापुरता एसी बंद करण्यात कमीपणा नाही. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी तर बंदच, पण हीटर पूर्ण आणि ब्लोअर चारवर. घाम येईल, पण इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओतली जाते आणि काटा उतरायला मदत होते. गाडी बाजूला घ्यायला जागा मिळाली की थांबा. रेडिएटरचं झाकण उघडू नका.

पावसातल्या काचेबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. पुढची काच धुरकट झाली की आधी वायपर फिरवा. पुसली गेली तर धुकं बाहेरून आहे: आपण काचेवर इतका थंड वारा मारलाय की कोकणातली दमट हवा बाहेरच्या बाजूने काचेवर घामेजली. वारा काचेवरून हटवा, तापमान थोडं वाढवा. वायपरने पुसली नाही तर धुकं आतून आहे, ओल्या छत्र्यांचं, ओल्या कपड्यांचं आणि श्वासांचं. मग एसी चालू, वारा काचेवर, हवा बाहेरची. आणि थंडी वाजत असेल तर एसी बंद न करता नॉब लाल बाजूला फिरवा. एसी आणि हीटर एकत्र चालू ठेवणं वेडेपणा वाटतो, पण हवा आधी कॉइलवर वाळते आणि मग हीटरवर गरम होते. कोरडी, उबदार हवा. काच अर्ध्या मिनिटात स्वच्छ.

हीच युक्ती डिसेंबरच्या पहाटे चालते. नाशिकच्या रस्त्यावर सहा वाजता काच आतून धुरकटली की बहुतेक जण सीटखालचं पिवळं फडकं शोधतात. त्याऐवजी एसीचं बटण दाबा, नॉब लालवर ठेवा. जुन्या पद्धतीचा, क्लचने जोडला जाणारा कॉम्प्रेसर असेल तर टक असा आवाज येईल आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलेल. काच साफ होईपर्यंत तिकडे सीलही भिजलेलं असेल.